नववं भोक

तुओवीनं पाइपलाइन लावली तेव्हा
ऑफिसात चार माणसं होती, आणि झाडूच्या खोलीत
घरघरत्या पंख्याचा एक जुना कॉम्प्युटर.
त्याला ती रनर म्हणायची, लाडात आली की म्हातारा.
कुणी कोडात एक ओळ जरी ढकलली
तरी म्हातारा उठायचा,
सगळं पहिल्यापासून बांधून बघायचा,
सहाशे बारा प्रश्न विचारायचा,
आणि मग हिरवी खूण. नाहीतर लाल.

आमचं काम साधं. आखात गोठलं
की ओउलूच्या किनाऱ्यावरून बेटाकडे
बर्फावरून रस्ता निघतो.
कुठे किती जाड, आज किती टनांची गाडी जाईल,
एवढं सांगणारं कोड.
एवढंच.

मी नवा. त्या फेब्रुवारीत
दोनशे चौदावी टेस्ट अधूनमधून लाल व्हायची.
नऊदा चालवली तर एकदा.
पुन्हा चालवली की हिरवी, जसं काही झालंच नाही.
शुक्रवार होता, साडेचारलाच अंधारलेलं,
सगळ्यांच्या ब्रँचा तुंबलेल्या,
इंकेरी बूट घालून दारात उभी.
मी फाइल उघडली आणि लिहिलं:
लाल आली तर तीनदा पुन्हा चालव.
वेळ मारून नेली.

सोमवारी तुओवीनं लॉग वाचला.
ती हिरवेसुद्धा वाचते, सकाळी कॉफीबरोबर,
लोक निधनवार्ता वाचतात तसे.
मला काही बोलली नाही.
म्हणाली, उद्या सहाला ये. मोजे जाड घाल.

उणे एकवीस. कपाळावर दिवे.
तिचा भाऊ वेइयो बर्फ मोजतो;
त्याच्या हातात माझ्या उंचीचं गिरमिट.
दर दोनशे पावलांवर एक भोक,
भोकात पट्टी, वहीत पेन्सिलीनं आकडा
(पेनातली शाई गोठते).
बेचाळीस. चव्वेचाळीस. एक्केचाळीस.
शितावरून भाताची परीक्षा होते,
बर्फाची नाही होत,
तिथे शीत न् शीत दाबावं लागतं.

नवव्या भोकात गिरमिट अचानक सुटलं.
काळं पाणी वर आलं, बुटांभोवती पसरलं.
अठ्ठावीस, वेइयो म्हणाला.
मी म्हणालो, शेजारी पुन्हा पाडून बघू या का,
कदाचित...
त्यानं पाहिलं माझ्याकडे. रागानं नाही.
"पाडतो की. बेचाळीस आलं,
तर दुधाचा टँकर कोणत्या भोकावरून पाठवू?"
अठ्ठावीस लिहून त्यानं वही खिशात टाकली
आणि कडेनं रोवलेल्या स्प्रूसच्या फांद्या उपटायला लागला,
रस्ता डावीकडे सरकवायला.
तुओवी थर्मासचं झाकण फिरवत उभी.
बराच वेळ फिरत होतं ते झाकण.

दुपारी मी ती ओळ खोडली.
चार दिवस लाल.
कुणाचं काही पुढे जाईना. इंकेरी बोलेना.
ओस्मोनं माझं नावच दोनशे चौदा पाडलं.
कॅश पुसली, घड्याळं तपासली;
कुठेतरी पाणी मुरतंय एवढं कळत होतं.
पाचव्या रात्री सापडलं:
दोन नोंदी एकाच सेकंदाला आल्या
तर आमचं कोड नवी कुठली, जुनी कुठली ते विसरायचं,
आणि नवांतून एकदा
कालचा बर्फ आजचा म्हणून सांगायचं.
म्हातारा खरं बोलत होता.
मीच त्याला तीन-तीनदा विचारत होतो,
थकून हो म्हणेपर्यंत.

आता जून. रस्ता समुद्र झाला, फेरी सुरू झाली,
फांद्या पिवळ्या होऊन किनाऱ्याला लागल्यात.
तुओवी निवृत्त झाली. जाताना पासवर्ड दिले
आणि एक चिकटचिठ्ठी,
कोणतं सर्टिफिकेट कधी संपतं त्याची.
रोज रात्री दोनला म्हातारा उठतो,
नसलेल्या बर्फात भोकं पाडतो.
दोनशे चौदात मी वेइयोचा आकडा घातलाय.
सकाळी कॉफीबरोबर वाचतो,
अठ्ठावीस, ठीक.

आज डिस्क भरत आल्याचा इशारा आहे.
बघतो.